जैविक घड्याळाची जनुके आणि मनोविकार

द्विध्रुवी मनोविकाराच्या, म्हणजेच रुग्णालयांत सर्रास ‘बायपोलर’ म्हटल्या जाणाऱ्या आजाराच्या रुग्णाबरोबर राहणाऱ्या कुटुंबाला एक गोष्ट पुस्तके न वाचताही ठाऊक असते : उन्मादाची लाट येण्यापूर्वी झोप उडते. माणूस रात्री दोन वाजता उठून कपाटे आवरू लागतो, भल्या पहाटे लोकांना फोन लावतो, दोन-तीन तासांच्या झोपेवर दिवसभर धावतो आणि तरीही त्याला थकवा जाणवत नाही. नैराश्याच्या लाटेत अनेकदा पहाटे तीन-चारला जाग येते ती पुन्हा डोळा लागू देत नाही. सकाळ सर्वांत जड जाते आणि दिवस कलू लागला की मनावरचे मळभ थोडे विरते. आजार मनाचा, पण त्याची चाल घड्याळाशी बांधलेली, हे निरीक्षण मानसोपचारात जुने आहे. हे घड्याळ कशाचे बनलेले असते, त्याचे भाग घडविणारी जनुके कोणती, आणि त्यांच्यातील बिघाड मनोविकाराला जन्म देतो की आजारामुळेच घड्याळ बिघडते, हे तीन प्रश्न संशोधकांसमोर पाच दशके आहेत. पहिल्या दोहोंची उत्तरे बरीचशी मिळाली. तिसऱ्याचे उत्तर मिळाल्याच्या घोषणा अनेकदा झाल्या. त्यांतील बहुतेक पुढे टिकल्या नाहीत.

लाजाळूपासून फळमाशीपर्यंत

१७२९ मध्ये झां-झाक दॉर्तू द मेरां या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचे एक रोप अंधारात ठेवले. सूर्यप्रकाश नसतानाही त्याची पाने दिवसाच्या वेळी उघडत आणि रात्रीच्या वेळी मिटत राहिली. म्हणजे लय बाहेरून आलेली नव्हती. ती वनस्पतीच्या आतच होती. माणसाचेही तसेच आहे. बाहेरच्या वेळेचा कोणताही सुगावा लागू न देता प्रयोगशाळेत ठेवलेल्या माणसाचे शरीर सरासरी २४ तास ११ मिनिटांच्या आवर्तनाने चालते. हा अकरा मिनिटांचा फरक रोज सकाळचा प्रकाश भरून काढतो.

ही लय जनुकांत लिहिलेली असू शकेल, असे १९६० च्या दशकात फार थोड्यांना वाटत होते. झोपेसारखे गुंतागुंतीचे वर्तन एखाद्या जनुकाने ठरावे, ही कल्पनाच अनेकांना भाबडी वाटे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये सेमूर बेन्झर यांचे विद्यार्थी रोनाल्ड कोनोप्का यांनी पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या फळमाश्यांत रसायनांच्या साहाय्याने उत्परिवर्तने घडविली आणि कोशातून बाहेर पडण्याची वेळ चुकविणाऱ्या माश्या वेचून काढल्या. १९७१ मध्ये त्यांनी तीन वाण जगापुढे ठेवले. एकाचा ‘दिवस’ १९ तासांचा, दुसऱ्याचा २८ तासांचा, तर तिसऱ्याला लयच नव्हती. आश्चर्य असे की तिन्ही दोष एकाच जनुकात होते. त्या जनुकाला ‘पिरियड’ हे नाव मिळाले.

हे जनुक १९८४ मध्ये वेगळे काढण्यात आले आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत घड्याळाची यंत्रणा उलगडत गेली. या कामासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. बेन्झर २००७ मध्ये आणि कोनोप्का २०१५ मध्ये निवर्तले होते. नोबेल मरणोत्तर दिले जात नाही, म्हणून ज्यांच्या प्रयोगाने या शाखेचा पाया घातला त्यांची नावे त्या यादीत नाहीत.

चाक कसे फिरते

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत एक तरंगता चेंडू असतो. टाकी भरली की तो वर चढून नळ बंद करतो. पाणी वापरले गेले की खाली येतो आणि नळ पुन्हा सुरू होतो. पेशीतील घड्याळ साधारण याच तत्त्वावर चालते. माणसात व अन्य सस्तन प्राण्यांत ‘क्लॉक’ आणि ‘बीमॅल-१’ या जनुकांपासून बनलेली दोन प्रथिने जोडीने काम करतात व ‘पिरियड’ आणि ‘क्रिप्टोक्रोम’ या जनुकांना चालू करतात. त्यांची प्रथिने पेशीद्रवात साठत जातात, मग पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि आपल्याच निर्मितीची आज्ञा देणाऱ्या त्या जोडीला थोपवितात. नवी निर्मिती थांबते, जुनी प्रथिने हळूहळू मोडली जातात, अडसर दूर होतो आणि चाक पुन्हा फिरू लागते. या एका फेऱ्याला सुमारे चोवीस तास लागतात. फेरा इतका सावकाश व्हावा म्हणून काही विकरे या प्रथिनांवर फॉस्फेटच्या खुणा करून त्यांचे मोडणे आणि केंद्रकात शिरणे लांबवितात किंवा लवकर घडवून आणतात. पुढे ज्याचा उल्लेख वारंवार येईल ते जीएसके-३-बीटा हे अशांपैकीच एक विकर आहे.

शरीरातील बहुतेक सर्व पेशींत असे घड्याळ असते. यकृतात, हृदयात, त्वचेतसुद्धा. पण वाद्यवृंदाला सूर लावून देणारे केंद्र मेंदूत, अधश्चेतकाच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या चेता जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर आहे. त्यात अवघ्या वीस हजारांच्या आसपास चेतापेशी असतात. १९९० मध्ये वेगळी लय असलेल्या हॅमस्टरचे हे केंद्र दुसऱ्या हॅमस्टरमध्ये बसविण्यात आले, तेव्हा दुसऱ्याला पहिल्याची लय लागली. या केंद्राला प्रकाशाची वर्दी देणाऱ्या दृष्टिपटलातील खास पेशी या शतकाच्या आरंभी सापडल्या. त्या प्रकाशाच्या निळ्या छटेला सर्वाधिक प्रतिसाद देतात. रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहण्याविषयी डॉक्टर जे सांगतात त्यामागचे एक कारण हे आहे.

घड्याळ पुढे-मागे म्हणजे वेड नव्हे

माणसातील घड्याळ-जनुकाच्या दोषाचा पहिला निःसंदिग्ध पुरावा अमेरिकेच्या युटा राज्यातील एका कुटुंबात मिळाला. त्या घरातील अनेकांना संध्याकाळी साडेसातच्या सुमारास अनावर झोप येई आणि पहाटे साडेचारच्या आत ती संपे. २००१ मध्ये लुई टाचेक, यिंग-हुइ फू आणि सहकाऱ्यांनी त्यामागे ‘पिरियड-२’ जनुकातील एकाच अक्षराचा बदल असल्याचे दाखविले. २०१७ मध्ये याच्या नेमका उलट प्रकार नोंदला गेला : ‘क्रिप्टोक्रोम-१’ मधील एका बदलामुळे काही कुटुंबांत झोपेची वेळ दोन-अडीच तास पुढे ढकलली जाते. मध्यरात्रीनंतरच झोप येणाऱ्या आणि घरच्यांकडून आळशी ठरविल्या जाणाऱ्या तरुणांपैकी काही जण वास्तविक आपल्या जनुकांच्या वेळापत्रकाप्रमाणे वागत असतात.

या कुटुंबांची कथा इथे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की त्यांचे घड्याळ स्पष्टपणे बदललेले असूनही युटातील ती माणसे मनोरुग्ण नव्हती. घड्याळातील बिघाड आणि मनाचा आजार यांच्यात सरळ रेष ओढता येत नाही, हे या संशोधनाच्या पहिल्याच पावलावर दिसले होते. मात्र अपवादही आहेत. २०१६ मध्ये ‘पिरियड-३’ मधील एका दुर्मीळ बदलाचा संबंध लवकर येणाऱ्या झोपेशी आणि त्याबरोबरच ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याच्या प्रवृत्तीशीही आढळला. स्मिथ-मॅजेनिस हा जन्मजात विकार त्याहून बोलका आहे. सतराव्या गुणसूत्राचा लहानसा तुकडा गळाल्याने किंवा त्यातील ‘आरएआय-१’ जनुक बिघडल्याने तो होतो. या मुलांत अंधाराचे संप्रेरक असलेले मेलाटोनिन बहुधा रात्रीऐवजी दिवसा स्रवते. मुले रात्री जागी राहतात, दिवसा पेंगतात, संतापाच्या भरात स्वतःला इजा करून घेतात. ‘आरएआय-१’ हे ‘क्लॉक’ जनुकाच्या कार्याला चालना देणारे आहे, असे नंतर दिसून आले. तरीही या मुलांच्या वर्तनाचा सगळा भार घड्याळावर टाकता येत नाही, कारण ते जनुक मेंदूच्या जडणघडणीत इतरही अनेक कामे करते.

उन्मत्त उंदीर

घड्याळ आणि उन्माद यांचा सर्वांत ठळक प्रायोगिक दुवा उंदरांत मिळाला. जोसेफ ताकाहाशी यांच्या प्रयोगशाळेत १९९४ मध्ये ‘क्लॉक’ जनुकात दोष असलेला उंदीर सापडला होता. कॉलीन मॅक्लंग आणि सहकाऱ्यांनी या उंदरांच्या मनोवस्थेचा अभ्यास करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे उंदीर सतत धावत, कमी झोपत, उघड्या जागेला भीत नसत आणि साखर व कोकेन यांच्याकडे अधिक ओढले जात. पोहायला लावल्यास इतरांपेक्षा उशिरा हार मानत. उन्मादाच्या रुग्णाशी असलेले साम्य कोणालाही जाणवावे असे होते. त्यांना लिथियम दिल्यावर यांतील अनेक लक्षणे ओसरली. मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या एका भागात निर्दोष ‘क्लॉक’ जनुक पोहोचविल्यावरही वर्तन बरेच पूर्वपदावर आले. म्हणजे हे जनुक केवळ वेळ मोजत नव्हते. सुख आणि ओढ यांचा हिशेब ठेवणाऱ्या चेतापेशींतही त्याचे काम चालू होते.

उंदीर हा माणूस नव्हे, हे वाक्य अशा ठिकाणी नेहमीच लिहिले जाते आणि ते खरेही आहे. द्विध्रुवी विकारात उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येतात. हे उंदीर प्रामुख्याने उन्मादातच राहिले.

एका जनुकाच्या शोधातील फसगत

दरम्यान माणसांमध्ये वेगळ्याच पद्धतीने शोध सुरू होता. एखादे जनुक संशयित धरायचे, काही शेकडा रुग्ण आणि तेवढेच निरोगी लोक घ्यायचे आणि त्या जनुकाचे विशिष्ट रूप रुग्णांत अधिक आढळते का ते पाहायचे. या पद्धतीने ‘क्लॉक’, ‘पिरियड-३’ आदी जनुकांचा संबंध द्विध्रुवी विकार, नैराश्य, निद्रानाश अशा अनेक गोष्टींशी जोडला गेला. एका अभ्यासात संबंध दिसे, दुसऱ्यात नाहीसा होई, तिसऱ्यात उलट दिसे. थोड्या लोकांत अनेक गोष्टी शोधल्या की काहीतरी योगायोगाने हाती लागतेच, आणि जे हाती लागते तेच छापले जाते. नैराश्याबाबत गाजलेल्या अशा १८ संशयित जनुकांची २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर फेरतपासणी झाली, तेव्हा ती कोणत्याही यादृच्छिक जनुकांपेक्षा सरस ठरली नाहीत. वीस वर्षांच्या शेकडो शोधनिबंधांवर पाणी फिरविणारा हा निकाल होता.

आता संपूर्ण जनुकसंच एकाच वेळी तपासला जातो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात द्विध्रुवी विकाराच्या ४१,९१७ रुग्णांची तुलना ३,७१,५४९ निरोगी व्यक्तींशी करण्यात आली. आजाराशी निगडित ६४ जागा सापडल्या. चेतापेशींमधील संदेशवहनाशी संबंधित जनुके त्यांत ठळकपणे होती. घड्याळाच्या गाभ्यातील जनुके अग्रभागी नव्हती. प्रत्येक जागेचा वाटा अत्यल्प आहे. तात्पर्य, ‘बायपोलरचे जनुक’ किंवा ‘नैराश्याचे घड्याळ-जनुक’ अशी वस्तू अस्तित्वात नाही.

मग घड्याळाचा प्रश्न निकालात निघाला का? तसे म्हणणे घाईचे होईल. मनगटावर हालचाल मोजणारे यंत्र आठवडाभर बांधलेल्या ब्रिटनमधील ९१,१०५ लोकांचा अभ्यास ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांच्या दिवसा-रात्रीच्या हालचालींतील फरक पुसट होता, म्हणजे जे दिवसा पुरेसे कार्यशील नव्हते आणि रात्री पुरेसे शांत नव्हते, त्यांच्यात नैराश्य आणि द्विध्रुवी विकाराचे प्रमाण अधिक होते. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंवर २०१३ मध्ये झालेले काम अधिक थेट आहे. निरोगी व्यक्तींच्या मेंदूत शेकडो जनुकांची पातळी मृत्यूच्या वेळेनुसार इतक्या नियमितपणे बदलत होती की तिच्यावरून ती वेळ अदमासे सांगता येई. तीव्र नैराश्य असलेल्यांच्या मेंदूत ही लय विस्कटलेली होती. छिन्नमनस्कतेच्या रुग्णांतही झोप-जागेचे चक्र मोठ्या प्रमाणात विस्कळीत आढळते, आणि रोजगार नसल्याने दिनक्रम सैल झाला, एवढ्याने त्याचे स्पष्टीकरण होत नाही. यांतील कोणत्याही पुराव्यावरून घड्याळ आधी बिघडले असे सिद्ध होत नाही. परंतु सुमारे सात लाख लोकांच्या जनुकीय माहितीवरील २०१९ च्या अभ्यासात पहाटे लवकर उठण्याशी निगडित ३५१ जागा सापडल्या, आणि त्या धाग्याने पाहता सकाळचा स्वभाव चांगल्या मनःस्वास्थ्याला काही अंशी कारणीभूत असावा असे संकेत मिळाले. प्रश्नाचे काटे हळूहळू ‘दोन्ही बाजूंनी’ या उत्तराकडे सरकत आहेत : आजार लय मोडतो आणि मोडलेली लय आजाराला बळ देते.

लिथियमचा धागा

१९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी लिथियमचा उन्मादावरील गुण नोंदविला. आजही द्विध्रुवी विकारात पुनःपुन्हा येणाऱ्या लाटा रोखणारे ते आधारभूत औषध आहे. ते नेमके कसे काम करते हे मात्र कित्येक दशके गूढ होते. १९७० च्या दशकात वनस्पतींवरील प्रयोगांत लिथियममुळे पाकळ्यांची लय मंदावते असे दिसले, तेव्हा त्याचा मनोविकाराशी काही संबंध असेल हे फार थोड्यांच्या मनात आले. पुढे १९९६ मध्ये लिथियम जीएसके-३-बीटा या विकराला आवर घालते हे कळले. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले की हे विकर ‘रेव्ह-अर्ब-आल्फा’ या घड्याळाच्या प्रथिनाला टिकवून धरते. लिथियम दिले की ते प्रथिन मोडते आणि ‘बीमॅल-१’ वरील दाब सुटतो. म्हणजे मनोविकाराचे एक जुने औषध घड्याळाच्या चाकाला थेट स्पर्श करीत होते.

सर्वच रुग्णांना लिथियम सारखे लागू पडत नाही. त्वचेतून काढलेल्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांची लय मोजणाऱ्या अभ्यासांत लिथियमला चांगला प्रतिसाद देणारे आणि न देणारे रुग्ण यांच्या पेशींची लय वेगवेगळी आढळली आहे. कोणाला हे औषध लागू पडेल हे आधीच सांगणारी चाचणी यातून निघू शकेल, अशी आशा आहे. आज अशी चाचणी उपलब्ध नाही. लिथियमवर असलेल्या रुग्णासाठी आज उपलब्ध असलेली आणि टाळू नये अशी चाचणी साधी आहे : रक्तातील लिथियमची पातळी, तसेच मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची ठराविक काळाने तपासणी. उन्हाळ्यात घामाने किंवा जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी घटले तर ही पातळी धोकादायक वाढू शकते. हातांची थरथर वाढणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे ही त्याची चिन्हे दिसल्यास लगेच डॉक्टरांकडे जावे लागते. झोप सुधारली म्हणून औषध आपल्या मनाने बंद करणे, ही मात्र आजार उलटण्याची सर्वांत सोपी वाट आहे.

प्रकाश, अंधार आणि दिनक्रम

जनुके बदलता येत नाहीत, पण ज्या इशाऱ्यांवर ती चालतात ते बदलता येतात. ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्यावर सकाळच्या तेजस्वी प्रकाशाचा उपचार १९८४ पासून ज्ञात आहे. द्विध्रुवी विकारात सकाळचा तीव्र प्रकाश उन्माद जागा करू शकतो, म्हणून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तो दुपारी देण्यात आला. नैराश्यातून पूर्ण बाहेर आलेल्यांचे प्रमाण त्यात ६८ टक्के होते. मंद लाल प्रकाश दिलेल्यांत ते २२ टक्के होते. रुग्णसंख्या ५० पेक्षाही कमी होती, हे ध्यानात ठेवून तो आकडा वाचावा. मिलान येथील रुग्णालयात पूर्वेकडील, सकाळचे ऊन येणाऱ्या खोल्यांत ठेवलेले द्विध्रुवी नैराश्याचे रुग्ण पश्चिमेकडील खोल्यांतील रुग्णांपेक्षा सरासरी साडेतीन दिवसांहून अधिक आधी घरी गेले, असे २००१ मध्ये नोंदले गेले. नॉर्वेत उन्मादाच्या रुग्णांना संध्याकाळपासून निळा प्रकाश अडविणारे चश्मे दिल्यावर उन्माद लवकर ओसरला. हे सारे औषधाच्या जोडीने करायचे उपाय आहेत, औषधाऐवजी नव्हेत.

पिट्सबर्ग येथील एलेन फ्रँक यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत तर यंत्रही लागत नाही. उठण्याची, पहिल्यांदा कोणाशी तरी बोलण्याची, काम सुरू करण्याची, जेवणाची आणि झोपण्याची वेळ रोज नोंदवायची आणि ती शक्य तितकी स्थिर ठेवायची. नातेसंबंधांतील ताण सोडविण्यास मदत करायची. आजाराच्या तीव्र टप्प्यात ही पद्धत मिळालेल्या रुग्णांना पुढची लाट उशिरा आली, असे २००५ च्या अभ्यासात दिसले. लग्नघरातील जागरणे, रात्रीचा प्रवास, नवजात बाळाची काळजी, परीक्षेच्या आधीच्या रात्री हे प्रसंग या आजाराच्या माणसासाठी इतरांसारखे नसतात. सलग दोन-तीन रात्री झोप उडाली तर लाट अंगावर येण्याची वाट न पाहता उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे. ते हाताशी नसल्यास टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.

‘घराण्यात आहे’ म्हणजे काय

लग्न जुळविताना आजही दबक्या आवाजात विचारला जाणारा प्रश्न हाच असतो. द्विध्रुवी विकाराचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येत एक टक्क्याच्या आसपास धरले जाते. आई, वडील किंवा सख्खे भावंड यांना तो असल्यास जोखीम साधारण पाच ते दहा टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे जोखीम वाढते हे खरे, आणि अशा घरातील दहांपैकी नऊ जणांना हा आजार होत नाही हेही खरे. एकसारखी जनुके असलेल्या जुळ्यांतही एकाला आजार असून दुसऱ्याला नसल्याची उदाहरणे मुबलक आहेत. लाळेच्या नमुन्यावरून ‘घड्याळ-जनुके’ सांगणाऱ्या खासगी चाचण्या बाजारात मिळतात. त्यांच्या अहवालावरून कोणाला मनोविकार होईल हे ठरविता येत नाही, आणि त्याआधारे कोणाचे लग्न मोडणे हे विज्ञानाच्या नावाने केलेले अज्ञान ठरेल.

घड्याळाचा विचार करताना गोव्यातील आकाशाकडेही पाहावे लागते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. पणजी ७४ अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे सूर्य इथे प्रमाणवेळेपेक्षा सुमारे पस्तीस मिनिटे मागे असतो. सकाळचे ऊन उशिरा, संध्याकाळचा उजेड उशिरापर्यंत, अशी ही रचना मुळातच उशिरा झोपणाऱ्यांना आणखी पुढे ढकलणारी आहे. उत्तर युरोपातील हिवाळी नैराश्याचे चित्र मात्र इथे जसेच्या तसे लावता येत नाही, कारण आपल्याकडे वर्षातील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत दोन तासांचाही फरक नसतो. इथला खरा प्रश्न पाळ्यांचा आहे. हॉटेले, कॅसिनो, औषधनिर्मितीचे कारखाने, रुग्णालये आणि सुरक्षारक्षकांची कामे यांत दर आठवड्याला बदलणारी पाळी सामान्य मानली जाते. निरोगी माणूस ती कशीबशी पेलतो. ज्याच्या आजाराची किल्लीच झोपेत आहे, त्याच्यासाठी कायम दिवसपाळी ही चैन नसून उपचाराचा भाग ठरतो, आणि तसे पत्र मानसोपचारतज्ज्ञ देऊ शकतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, आणि अशा कर्मचाऱ्याला वाजवी सोय पुरविण्याची जबाबदारी तो कायदा सरकारी आस्थापनांवर टाकतो.